टोचीला मिठी कुणी मारली

प्रिय घाई,

सगळ्यात आधी, माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, जिना चढताना मध्ये एकदा कठड्याला धरून थांबते. पण भूक लागते, झोप लागते, आणि राग तर पूर्वीपेक्षा चांगला येतो. पत्राच्या पहिल्याच ओळीत स्वतःच्या तब्येतीचं गाऱ्हाणं किंवा कौतुक करायची माझी पद्धत नाही, हे तुला माहीत आहे. तरीही लिहिलं. का, ते पुढे येईलच.

दुसरं म्हणजे, अभिनंदन. 'टोची' सिनेमाचा दुसरा भाग लोकांनी डोक्यावर घेतलाय. येत्या रविवारी मोठ्या नाट्यगृहात सिनेमाचा खेळ आणि तुझा सत्कार आहे, शाळाशाळांमधून मुलं येणार आहेत, हे सगळं मला कळलं. आणि तिसरं म्हणजे, मी तुझ्यावर सूड उगवायचं ठरवलं आहे. कसा, ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तू मधलं काही वाचणार नाहीस. गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड काही आजची नाही. आत्ताही तू पत्र उलटून शेवटच्या ओळी बघून आली असशील आणि तुला त्यातलं ओ की ठो कळलं नसेल. तेव्हा आता गुपचूप वर ये आणि ओळीने वाच.

या सिनेमाचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने मला जिन्यात अडवून सांगितलं, लहान मुलांचा म्हणून टाळू नका, मोठ्यांनाही रडवतो. माझे केस कापणारी बाई कात्री हातात धरून गोष्ट सांगायला लागली, ती इतकी रंगली की माझी एक बाजू आखूड झाली. एका पेपराने पाचपैकी पाच तारे दिले आणि वर लिहिलं, सहावा असता तर तोही दिला असता. आमच्या दातांच्या लॅबमध्ये तर दुसरा विषयच नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर आमचा पॉलिशवाला बसतो. मी मेणात हिरड्या कोरायच्या आणि त्याने तयार कवळ्यांना चकाकी आणायची, अशी आमची जोडी. राकट माणूस, हातात मशीन घेतलं की कुणाशी बोलत नाही. तो मला म्हणाला, ताई, जाल तेव्हा रुमाल घेऊन जा, एक पुरणार नाही.

मी दोन नेले. खरं सांगते, मी खार खाऊन गेले नव्हते. तू मला न विचारता दुसरा भाग केलास, याची पोस्टरं बसथांब्यावर बघितली तेव्हा समोर आलेली बस मी सोडून दिली होती, नाही असं नाही. पण मी स्वतःला समजावलं, की टोची काही माझ्या एकटीचा नाही. शिवाय सोबत लुडबूड होती. माझ्या धाकट्या बहिणीची नात. तिचं खरं नाव शाळेत वापरतात, घरी सगळे लुडबूडच म्हणतात. तिच्यासमोर तोंड वाकडं करून बसायचं नाही असं मी ठरवलं होतं. शनिवारी सकाळच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. थिएटर खच्चून भरलेलं. निम्म्या मुलांच्या डोक्यावर साळिंदराच्या काट्यांच्या टोप्या. लुडबूडलाही हवी होती, मी घेऊन दिली. रबरी काटे, हात लावला तर गुदगुल्या होतात. टोचणार नाहीत असे काटे बनवायला कुणाला सुचलं, असं मनात आलं.

दिवे मालवले आणि मला आपली खोली आठवली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, खिडक्यांना घोंगड्या ठोकलेली, बाहेर लख्ख दुपार आणि आत आपण दोघी दिव्यांच्या उकाड्यात. खाली कुणी चाकात हवा भरायला लागलं की आपली जमीन थरथरायची आणि आपण काम थांबवायचो. टोचीच्या बाहुल्याला केसभर हलवायचं, बाजूला व्हायचं, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. एका पावलात अख्खी दुपार जायची. तू कॅमेऱ्यामागे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत सारखी विचारायचीस, झालं का? झालं का? मी म्हणायचे, होतंय. म्हणून तू घाई आणि मी हळूबाई. पहिल्या भागाच्या शेवटी आपली नावं द्यायची वेळ आली तेव्हा तूच म्हणालीस, खरी नावं कशाला, साळिंदराच्या सिनेमात हीच शोभतील. दोघी पोट धरून हसलो होतो. पुढे तुझं खरं नाव जगाला कळलं. माझं हळूबाईच राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मुलं मला त्या नावाने पत्रं पाठवायची.

तुझं श्रेय मी नाकारत नाही. गोष्ट तुझी. साळिंदराचं एक पिल्लू, त्याला काटे आहेत म्हणून कुणी जवळ घेत नाही, एवढं एका ओळीत तू मला बसमध्ये सांगितलंस आणि मी उतरायचा थांबा विसरले. टोचीचं फुसफुसणंही तुझंच, तुला सर्दी झाली होती तेव्हा नाकापुढे माइक धरून घेतलेलं. पण टोची माझ्या हातचा. तारेचा सांगाडा, वर स्पंज, त्यावर माझ्या आईच्या जुन्या कोटाचं कापड, आणि काटे कपडे घासायच्या ब्रशचे. एकेक केस उपटून, गोंदात बुडवून लावलेला. आणि त्या काट्यांची थरथर? ती तर आपली चूक होती. मी डावरी. प्रत्येक फोटोआधी त्याला हलवताना माझी बोटं एकाच कुशीला लागायची आणि तिथले काटे जरासे सरकायचे. पडद्यावर पाहिलं तर टोचीची एक कूस सतत शहारतेय, दुसरी शांत. तू डोक्याला हात लावलास. सगळं पुन्हा करायचं म्हणालीस, मला वाट्टेल ते बोललीस. मग आपण तो तुकडा पुन्हा पाहिला. तुझ्या आयुष्यात तू तेव्हा पहिल्यांदा गप्प बसलीस. मग म्हणालीस, राहू दे, तो घाबरतोय. पुढे जाणकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. ती माझी बोटं होती.

आणि शेवट. तो तरी आठवतोय ना तुला? तू लिहिला होतास तो शेवट असा, की म्हातारं कासव टोचीला मिठी मारतं, संपलं. मी म्हटलं, जमणार नाही. ब्रशचे केस एकदा वाकले की परत उभे राहत नाहीत, आणि आपल्याकडे टोची एकच आहे. तू आदळआपट केलीस. मुलांना मिठी हवी असते म्हणालीस. मी कासवाला उचललं आणि टोचीपासून हातभर लांब बसवलं. मग दोघं नुसतीच बसून राहिली. मग मी टोचीचा एक काटा खाली केला, मग शेजारचा. अख्खा आठवडा मी फक्त काटे खाली करत होते. तो जवळ जात नाही, कासवही येत नाही. पण त्याची ती शहारणारी कूस पहिल्यांदा शांत होते. पडदा काळा. आपण तो पहिल्यांदा शाळेच्या सभागृहात दाखवला तेव्हा मुलं टाळ्या वाजवायला विसरली होती. तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की माझ्या बोटांना मुंग्या आल्या. त्या दिवसापासून मला वाटत आलं, की मी आयुष्यात एक गोष्ट नीट केली.

आता तुझा दुसरा भाग. वाईट असता तर फार बरं झालं असतं. वाईट सिनेमाला मनसोक्त शिव्या देता येतात, घरी येऊन जेवणात लक्ष लागतं. हा वाईट नव्हता. गोड होता, गुळगुळीत होता, वेळेवर हसवत होता आणि वेळेवर डोळे पुसायला लावत होता. जंगल इतकं चकचकीत, की पानापानाला आमच्या पॉलिशवाल्याने मशीन मारलंय असं वाटावं. टोची आता बोलतो. नुसता बोलत नाही, थांबतच नाही. पहिल्या भागात त्याने जे फुसफुसून सांगितलं होतं ते आता तो तीनतीनदा शब्दांत सांगतो, आणि मधेमधे विनोद करतो. कोल्हा दुष्ट आहे, कारण लहानपणी त्याला कुणी खेळायला घेतलं नव्हतं, आणि हे तो गाणं म्हणून सांगतो. कासवाला ढीगभर नातवंडं, ती नाचतात. लोक हसत होते, मी त्यांच्याकडे बघत होते. आपल्यालाच काहीतरी झालंय का, अशी शंका आली. मग मला जांभई आली. घाई, टोचीच्या सिनेमात मला जांभई आली! मी हाताने तोंड झाकलं, कुणी बघितलं तर काय, म्हणून. कुणी बघितलं असतं तरी त्यांना काय कळणार होतं म्हणा.

आणि काटे. तुझ्या कॉम्प्युटरवाल्यांनी काटेही थरथरवलेत. दोन्ही कुशींचे, सारखे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो भितो तेव्हा थरथरतात, हसतो तेव्हा थरथरतात, झोपलेला असतो तेव्हाही थरथरतात. माझ्या बोटांची नक्कल, फक्त बोटं वगळून. ते बघताना मला जे झालं ते मी साध्या शब्दांत सांगते. मला अपमान वाटला. कुणी आपली सही गिरवून भिंती रंगवल्यासारखा.

मग तो शेवट आला. टोचीचे काटे अचानक मऊ झाले, कापसासारखे, आणि सगळं जंगल येऊन त्याला बिलगलं. कासव, कोल्हा, ती नाचणारी नातवंडं, एकावर एक, ढीग. थिएटरभर हुंदके. लुडबूडही रडली. तुझ्यापासून लपवत नाही, तिला सिनेमा फार आवडला. तिने टाळ्या पिटल्या, टोपी उडवली, शेजारच्या अनोळखी मुलीला मिठी मारली. मी तिची टोपी उचलून दिली. पण आतून मी पेटले होते. अगं, काटेवाल्याचे काटे काढून घेतले आणि मग त्याला जवळ घेतलं, यात काय मोठेपणा? पहिल्या भागात आपण मुलांना हेच तर सांगितलं होतं, की असाच राहा, तरी कुणीतरी शेजारी बसेल. मला स्वतःला आयुष्यभर ते खरं वाटत आलंय. माझ्या शेजारीही माणसं हातभर लांबच बसली, आणि ती मला पुरली.

मी उठणार, एवढ्यात काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. लुडबूड नुकतीच वाचायला शिकली आहे, दिसेल ते मोठ्याने वाचते. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, सगळं. तिने बोट रोखून एकेक शब्द लावत वाचलं: आमच्या लाडक्या हळूबाईच्या स्मृतीस. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हळूआजी, स्मृतीस म्हणजे काय गं?"  पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत मागे वळली आणि तिला समजावून म्हणाली, "म्हणजे ती आता देवाघरी गेली, बाळा." लुडबूडने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दंडाला कचकचून चिमटा काढला. मी ओरडले. "नाही गेली," ती त्या बाईला म्हणाली.

आता तुला कळलं असेल पहिल्या ओळीत तब्येतीचं का लिहिलं. घरी येऊन मी आरशात बघितलं. हसू आलं, तरी दंडावरची चिमट्याची खूण पुन्हा एकदा दाबून बघितली. आधी वाटलं, तुला कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. कंपनीतल्या कुणा उत्साही पोराने परस्पर ते टाकलं असेल. रविवारभर मी तुझ्या बाजूने सबबी शोधत होते. स्वतःच्या मरणाची बातमी कळल्यावर माणूस हे करतो, असं मला वाटलं नव्हतं.

सोमवारी कामावर गेले तर पॉलिशवाला मोबाइलवर तुझी मुलाखत लावून बसलेला. मला म्हणाला, ताई, तुम्ही बघून आलात ना, मग हे ऐका, त्या बिचाऱ्या हळूबाईचं. मी मेण गरम करत होते, आणि तुझा आवाज ऐकत होते. पहिला भाग झाल्यावर थोड्याच दिवसांत हळूबाई गेली. दीर्घ आजार. तू तिच्या उशाशी होतीस. तिने तुझा हात धरला आणि म्हणाली, माझी एकच इच्छा राहिली, टोचीला कुणीतरी मिठी मारायला हवी होती, एवढं करशील? आणि तू तो पहिला, हाताने बनवलेला टोची तिच्या हातात ठेवून तिला निरोप दिलास. म्हणून आज तो जगात कुठेच नाही. मुलाखत घेणारी मुलगी रडत होती. तूही. मग तू सांगितलंस, की तू स्वतः हजर असतेस त्या प्रत्येक खेळानंतर सगळ्यांना उभं राहायला सांगतेस आणि हळूबाईसाठी एक मिनिट शांतता पाळायला लावतेस.

पॉलिशवाल्याने मशीन बंद केलं आणि तो उभा राहिला. त्याला बघून आमच्या मालकीणबाई उभ्या राहिल्या, मग बाकीचे. सगळे उभे आणि मी एकटी बसलेली, हे बरं दिसेना. म्हणून मीही उभी राहिले, हातात मेणाची सुरी, समोर कुणाची तरी अर्धवट कवळी, आणि मान खाली घालून स्वतःला श्रद्धांजली वाहिली. बसताना मी पॉलिशवाल्याला विचारलं, फार सोसलं का हो तिने? म्हणाला, फार. मी म्हटलं, वाईट झालं. तिथे कुणाला ठाऊक नाही की हळूबाई म्हणजे कोण. मीही सांगितलं नाही. आधी तुझ्याशी बोलायचं होतं.

कारण तुला ठाऊक आहे, घाई. तुला कुणी चुकीचं सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी तुझे पुढचे दोन दात तुटले आणि तुझ्या डॉक्टरांनी रंग जुळवायला तुला आमच्याकडे पाठवलं, ते तू विसरली नसशील. खिडकीजवळच्या खुर्चीत तू तोंड उघडून बसली होतीस आणि मी दातांचे नमुने तुझ्या ओठांशी धरत होते. तू मला ओळखलंस आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागलीस. मला इतका आनंद झाला, की मी हातातला नमुना पाडला. आपण खूप बोललो. तुझे दुखरे पाय, माझे गुडघे, ती खोली, खालचा सायकलवाला. दुसऱ्या भागाबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस, आणि तेव्हा तो जवळजवळ पुरा झाला असणार. निघताना दारातून तू विचारलंस, झालं का? मी म्हटलं, होतंय. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दात मी लागतो त्याहून जास्त वेळ घेऊन केले. तुझा जुना दात जरासा तिरका होता, हसताना तो दिसायचा, म्हणून मी नव्यालाही तेवढाच तिरकेपणा दिला. पोस्टरवर तू तेच दात काढून हसते आहेस. आणि त्याच दातांनी तू मला मारलंस.

का मारलंस, तेही मला समजलं. त्या मिठीवर कुणीतरी बोट ठेवलं असतं. पहिला भाग आठवणारं कुणीतरी उठून म्हणालं असतं, अहो, मूळ शेवट असा नव्हता, ज्या बाईने तो केला तिला विचारलंत का? जिवंत हळूबाई नाही म्हणाली असती. मेलेली हो म्हणाली, आणि वर तिची ती शेवटची इच्छा ठरली. सुचायला तू पहिल्यापासून हुशार. मला मारलंस ते एक वेळ मी हसून सोडलं असतं. पण माझ्या तोंडी ती मिठी घातलीस, ते मी सोडणार नाही. मला तुझा संताप येतो. भांडी घासताना येतो, बसमध्ये येतो, आत्ता लिहितानाही येतो आहे आणि अक्षर बिघडतंय, ते तसंच राहू दे.

दातांची काळजी करू नकोस. ते पक्के घडवले आहेत, तुला पुरून उरतील. कामात मी सूड घेत नाही. पेपरवाल्यांकडेही गेले नाही. आणि टोची जगात आहे. माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर, बुटांच्या खोक्यात, शहारणारी कूस वर करून झोपलाय. काल मी त्याला खाली काढला. कोटाचं कापड कसरीने थोडं खाल्लंय, एक पाय सैल झालाय. काटे मात्र अजून ताठ उभे आहेत. त्याला आजवर कुणी मिठी मारलेली नाही ना, म्हणून.

आता हे पत्र का लिहिलं, ते. रविवारच्या सत्काराला लुडबूडच्या शाळेलाही बोलावणं आहे, आणि तिच्यासोबत घरचं मोठं माणूस म्हणून मी येणार आहे. पुढच्या रांगांमध्ये, कडेची खुर्ची. मांडीवर टोची. सिनेमा संपेल, तू सगळ्यांना उभं राहायला सांगशील, आणि मीही उभी राहीन. मला वेळ लागेल, गुडघ्यांचं सांगितलंच आहे. मी एक शब्द बोलणार नाही, मेलेल्या बाईने बोलावं कसं? त्या एका मिनिटात काय करायचं ते तुझं तू ठरव. खरं सांग, खोटं सांग, किंवा ते मिनिट गाळून टाक आणि का गाळलं ते लोकांना समजाव. मी न कळवताही येऊ शकले असते. पण मग तू निभावून नेलं असतंस. अचानक समोर आलेलं काहीही तुला निभावता येतं. चमत्कार म्हणून ओरडली असतीस, मला रंगमंचावर ओढलं असतंस, टाळ्या पडल्या असत्या आणि त्यातून तू तिसरा भाग काढला असतास. म्हणून आधी कळवते आहे. आज मंगळवार. आतापासून रविवारपर्यंत तुला थांबायचं आहे. केसभर सरकायचं, थांबायचं. पुन्हा केसभर, पुन्हा थांबायचं. आयुष्यात एकदा तरी माझ्या चालीने चालून बघ, आणि कुणी झालं का म्हणून विचारलं तर म्हण, होतंय. माझा सूड एवढाच, आणि तो हे पत्र तू उघडलंस तेव्हाच सुरू झाला. एक मात्र बजावते. त्या दिवशी तुला कितीही भरून आलं, तरी खाली उतरून मला मिठी मारायला येऊ नकोस. हातभर लांब थांब. टोचीचे काटे वाकतील.

तुझीच, आणि अजून इथेच,
हळूबाई